अन्नसुरक्षेचा तास घड्याळापासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातली शाळा, आठवी-नववीचे वर्ग, विज्ञानाच्या चार तासिका हाताशी. भित्तिफलक लावून झाले, हात धुण्याची प्रतिज्ञा झाली, 'उघड्यावरचं खाऊ नका' हे परिपाठात सांगून झालं. तरी मधल्या सुट्टीची घंटा झाली की निम्मा वर्ग फाटकाबाहेरच्या गाडीवर. या मुलांना अन्नसुरक्षा नेमकी काय आणि कशी शिकवायची?

हा विषय वर्गात कसा घ्यायचा हे शिक्षकांना शिकवणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ती बंदी काढून टाका. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या खिशात दहा-वीस रुपये असतात, सोबत मित्र असतात, आणि कालच त्यानं गाडीवरचा वडापाव खाल्लेला असतो. त्याला काहीही झालेलं नसतं. तुम्ही 'खाल्लंस तर आजारी पडशील' म्हणता तेव्हा त्याच्याकडे त्याच्या पोटाचा पुरावा असतो. तुमचं एक वाक्य खोटं ठरलं की पुढचं सगळंच त्याला खोटं वाटायला लागतं. त्याऐवजी तीच गाडी फळ्यावर काढा आणि विचारा, यातलं काय घ्यावं, काय सोडावं? कढईतून आत्ता झाऱ्यानं काढलेला वडा हा त्या गाडीवरचा बहुधा सर्वांत निर्धोक पदार्थ आहे. धोका आहे तो सकाळी साधं पाणी घालून वाटलेल्या हिरव्या चटणीत, तासन्‌तास उघड्या पडलेल्या चिरलेल्या कांद्यात, एकाच बादलीत बुचकळून काढलेल्या ताटल्यांत आणि पैसे घेतलेल्या हातानंच पाव उघडण्यात. 'काका, वडा गरम काढून द्या, चटणी नको' असं म्हणणाऱ्या मुलीला अन्नसुरक्षा कळली. तिनं गाडीवर जाणं सोडलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

दुसरी गोष्ट भेसळीची. सातवीपर्यंत अन्न बिघडणं, टिकवणं आणि भेसळ हे मुलांच्या अभ्यासात येऊन गेलेलं असतं. त्यामुळे आठवीत 'असुरक्षित अन्न म्हणजे काय' असं विचारलंत, की दुधात युरिया, तिखटात विटेची भुकटी, हळदीत रंग अशी उत्तरं धडाधड येतात. आयोडीनचा थेंब टाकला की पिठूळ भेसळीचं दूध निळं होतं, हा प्रयोग मुलांना फार आवडतो आणि तो जरूर करा. पण त्यानं एक समज घट्ट होतो, की धोका कोणीतरी लबाड व्यापारी लांब कुठेतरी तयार करतो आणि आपण फक्त बळी. प्रत्यक्षात लग्नाच्या पंगतीत, घरी, सहलीत पोटं बिघडतात ती बहुतेक वेळा वेळ, हात आणि पाणी या तिघांमुळे. तिन्ही गोष्टी मुलांच्या आवाक्यातल्या आहेत. चारही तासिका यांवरच खर्च करा. रंगाबद्दल मुलं स्वतःच विचारतील, कारण गोबी मंचुरियन सगळ्यांना प्रिय. तेव्हा सांगा की कृत्रिम रंग आणि अस्वच्छता यांमुळे गोव्यातल्या म्हापसा नगरपालिकेनं २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंचुरियनच्या विक्रीवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकानं मंचुरियन आणि कापसाच्या मिठाईतल्या ऱ्होडामाइन-बी या रंगावर बडगा उगारला. एवढं पुरे.

पहिला तास घड्याळाचा.

फळ्यावर लिहा: चांगलं खाणं, ऊब आणि ओल मिळाली तर ई. कोलायसारखा जिवाणू साधारण वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे तासाला तीन वेळा दुप्पट. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडला, तर सहा तासांत अठरा वेळा दुप्पट. आठवीच्या गणितात घातांक आहेतच, दोनचा अठरावा घात मुलांनाच काढू द्या. उत्तर २,६२,१४४ येतं. सुरुवातीला एकाऐवजी दहा जिवाणू असले तर सव्वीस लाखांच्या वर. वर्गात कुजबुज सुरू होते, कारण आकडा त्यांनी स्वतः काढलेला असतो.

मात्र इथे थांबू नका, नाहीतर मुलं घरी जाऊन डबाच नको म्हणतील. लगेच विचारा, मग आजपर्यंत आपण सगळे जिवंत कसे? इथून खरा अभ्यास सुरू होतो. हे गणित आदर्श परिस्थितीचं आहे. जिवाणूला आधी जम बसवायला वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे त्याला पाणी लागतं. चपाती, भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लाडू, चिवडा यांत त्याला वाढायला पुरेशी ओल नसते. लोणच्यात मीठ-तेल आणि आंबटपणा आडवा येतो, मोरांब्यात साखर. आपल्या आज्या लांबच्या प्रवासाला दशम्या आणि कोरडी लसणाची चटणी का बांधून द्यायच्या, वरण-भात का नाही, हे मुलांना विचारा. उत्तरं त्यांच्याच घरातून येतात. मग दुसऱ्या बाजूची यादी त्यांच्याकडूनच करून घ्या: भात, वरण, उसळ, अंडी, पनीर, मटण, दूध, खीर, ओल्या नारळाची चटणी. ओलसर, सौम्य चवीचे, पौष्टिक पदार्थ. जे आपल्याला पोसतं तेच जिवाणूलाही पोसतं.

तापमानाचे आकडे मोजकेच द्या. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंचा आवडता पट्टा. शिजवताना आतपर्यंत ७० अंश. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं काढली: स्वच्छता ठेवा, कच्चं-शिजलेलं वेगळं ठेवा, नीट शिजवा, योग्य तापमानाला ठेवा, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित वापरा. हे आकडे त्याच चौकटीतले आहेत. सूत्रं पाठ करून घेऊ नका, पाठ झाली की मुलं विचार करायची थांबतात.

तुमची प्रयोगशाळा नावापुरती असली तरी ११० अंशांचा साधा तापमापक कपाटात असेल. तो काढा. उकळतं पाणी अर्धं खोल पातेल्यात झाकून ठेवा, अर्धं परातीत पसरा, आणि दर दहा मिनिटांनी एकेका मुलाला वाचन घ्यायला लावा. परातीतलं पाणी बघता बघता कोमट होतं, पातेल्यातलं मात्र तास संपला तरी हाताला चटका देण्याइतकं गरम. ते पुढे कित्येक तास त्या ५ ते ६० च्या पट्ट्यात रेंगाळणार आहे, हे आलेख पुढे वाढवला की मुलांच्या लक्षात येतं. आता त्यांना लग्नातल्या मोठ्या डेगीतल्या भाताबद्दल विचारा. गरम आहे, झाकलेलं आहे, म्हणजे सुरक्षित आहे, ही आपल्याकडची फार खोल रुजलेली समजूत या एका आलेखानं हलते.

भाताबद्दल दोन मिनिटं जास्त द्या, कारण सकाळचा फोडणीचा भात हा अर्ध्या महाराष्ट्राचा नाश्ता आहे. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असतात आणि ते शिजवल्यावरही टिकतात. भात रात्रभर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि उलटी करवणारं विष तयार करतात. हे विष फोडणी देऊन जात नाही. म्हणून 'परत गरम केलं की झालं' हे प्रत्येक वेळी खरं नाही. उरलेला भात ताटात पसरून लवकर गार करावा आणि फ्रीजमध्ये ठेवावा. पण तुमच्या वर्गात फ्रीज नसलेली घरं असणार. तिथे 'फ्रीजमध्ये ठेवा' असं सांगून मोकळं होऊ नका. अशा घरासाठी तोडगा आधणाच्या वेळी आहे: माणसं मोजून बेताचा भात लावायचा, म्हणजे उरणारच नाही. तांदूळ मोजून घेणं हे काम आठवीतला मुलगा करू शकतो. हो, मुलगासुद्धा. हा विषय फक्त मुलींकडे बघून शिकवू नका.

दुसरा तास हातांचा. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

प्रयोग सोपा आहे. चार मुलांच्या हातांना थोडं तेल आणि चिमूटभर हळद चोळायला सांगा. एकानं नुसत्या पाण्यानं धुवायचं, एकानं साबण लावून घाईघाईत, एकानं साबणानं वीस सेकंद, चौथ्यानं वीस सेकंद पण नखं, अंगठा आणि बोटांच्या बेचक्या लक्षात ठेवून. मग पांढऱ्या कागदावर हात टेकवायचे. पहिला कागद पिवळाधमक. दुसऱ्यावर अंगठ्याच्या मुळाशी आणि नखांच्या कडांना पिवळं राहिलेलं असतं, आणि ते बघून मुलं आपापले अंगठे निरखायला लागतात. अंगठा जवळजवळ प्रत्येकाचा राहतो. ते चारही कागद नळाजवळ चिकटवा, छापील फलकांपेक्षा ते जास्त बोलतात.

आणि त्या नळावर साबण असू द्या. हे मी मुद्दाम ठासून लिहिते आहे. हात धुण्याचा तास घेऊन मुलं बाहेर येतात आणि नळावर साबण नाही, अशी शाळा मुलांना एकच धडा देते, की हे सगळं परीक्षेपुरतं आहे. साबण चोरीला जातो, वितळतो, ही अडचण खरी आहे. जाळीच्या पिशवीत वडी घालून नळाला बांधून ठेवा आणि आठवड्याची जबाबदारी वर्गांना वाटून द्या.

ब्रेडचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल: एका तुकड्याला धुतलेले हात, दुसऱ्याला न धुतलेले, तिसरा बाकावर घासलेला, चौथ्याला हात न लावलेला, चार बंद पिशव्या आणि आठवडाभर निरीक्षण. करायला हरकत नाही. पिशव्या उघडायच्या नाहीत, शेवटी तशाच फेकायच्या. पण त्याचा निष्कर्ष नीट हाताळा. मुलं म्हणतात, 'बुरशी आली नाही, म्हणजे चांगलं आहे.' हा समज घातक आहे. ज्या जिवाणूंमुळे विषबाधा होते त्यांतले बरेचसे अन्नाचा वास, रंग, चव काहीच बदलत नाहीत. नाकाला वाईट लागलं तर फेकावंच, पण नाकाला चांगलं लागलं म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता अवघड भाग. स्वच्छ हात शिकवायला घेतले, की आपल्या समाजात एक जुनी गोष्ट हळूच त्या धड्यात शिरते: कोणाच्या हातचं खावं आणि कोणाच्या नाही. उत्तराखंडमधल्या चंपावत जिल्ह्यात डिसेंबर २०२१ मध्ये दलित स्वयंपाकी बाईंनी शिजवलेलं जेवण मुलांनी नाकारल्याची बातमी देशभर गाजली होती. अशा बातम्या इतर राज्यांतूनही आल्या आहेत. तुमच्या वर्गात कोणी उघड बोलणार नाही, पण 'ते लोक स्वच्छ नसतात' हे वाक्य मनात घेऊन बसलेली मुलं असतात आणि ते वाक्य ज्यांच्याबद्दल आहे ती मुलंही त्याच बाकांवर असतात. तुमचा आरोग्याचा धडा त्या वाक्याला बळ देऊ शकतो. म्हणून हे तुम्हीच स्पष्ट बोला. हळदीचे ते चार कागद दाखवा आणि विचारा, यावरून कोणाची जात कळते? कोणाचं घर कळतं? कळतं ते इतकंच, की साबण किती वेळ चोळला. सोवळ्यात शिजवलेल्या नैवेद्याच्या खिरीतही जिवाणू त्याच वेगानं वाढतात.

याच कारणासाठी शाळेतल्या पोषण आहाराच्या स्वयंपाकी ताईंना या तासाला बोलवा, आणि तज्ज्ञ म्हणून बोलवा. खुर्ची द्या, नाव फळ्यावर लिहा. तांदूळ निवडण्यापासून खिचडी वाढेपर्यंत त्या काय काय बघतात, शिक्षकांनी आधी चव घेऊन नोंद का करायची, हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेलं होतं. आपल्याकडे शेतकऱ्यांच्या घरात औषधाचे रिकामे डबे धुऊन वापरायला घेतात, तेव्हा हा प्रसंग नुसता ऐकवून सोडू नका. 'तुमच्या घरी फवारणीच्या औषधाचा डबा आता कशासाठी वापरतात' हा प्रश्न गृहपाठाला द्या.

मुलींच्या बाजूनं एक प्रश्न हमखास येतो, पण तो चिठ्ठीवर येतो. म्हणून आधी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा. पाळी असताना लोणच्याला हात लावला की ते नासतं का? उत्तर गोल गोल देऊ नका. नाही, नासत नाही. लोणचं नासतं ते ओल्या चमच्यामुळे, कमी मिठामुळे, फोडी तेलाच्या वर राहिल्यामुळे, बरणी नीट वाळवली नसल्यामुळे. हात कोणाचाही असो, ओला असेल तर लोणच्याला बुरशी येऊ शकते. हे मुलांसमोर, मुलग्यांसमोरही, सरळ आवाजात सांगा. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात उभं राहून हे सांगणं आणि मुलीनं ते कुठेतरी वाचणं यात फार फरक आहे.

तिसऱ्या तासाला मुलांना तपास अधिकारी करा.

गोष्ट द्या: गावात लग्न झालं. तीस पाहुण्यांची चौकशी केली, सतरा जण आजारी. उलट्या सुरू झाल्या जेवणानंतर दोन ते चार तासांत. संशय कोणावर? वर्ग एकमुखानं मठ्ठ्यावर नाहीतर त्यातल्या बर्फावर बोट ठेवतो. आता आकडे द्या. मठ्ठा प्यायलेले अठरा, त्यांतले आजारी दहा. न प्यायलेले बारा, त्यांतले आजारी सात. बासुंदी खाल्लेले वीस, आजारी सोळा. न खाल्लेले दहा, आजारी एक. शेकडेवारी काढायला लावा. मठ्ठा प्यायलेल्यांत सुमारे ५६ टक्के आजारी, न प्यायलेल्यांत ५८, म्हणजे मठ्ठा सुटला. बासुंदीत ८० विरुद्ध १०. वर्गात अशा वेळी जी शांतता होते ती बघण्यासारखी असते, कारण बासुंदीवर कोणाचा संशयच नव्हता. ती तर आटवून आटवून उकळलेली होती.

मग पुढचा दुवा द्या: बासुंदी सकाळी उकळून झाल्यावर दुपारपर्यंत मोठ्या पातेल्यात बाहेर होती, आणि सुकामेवा हातानं कालवणाऱ्या आचाऱ्याच्या बोटाला चिघळलेली जखम होती. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू जखमेत, नाकात, पुटकुळीत असतो. हातावाटे तो दुधात पडला, उबेत वाढला, आणि त्यानं सोडलेलं विष परत उकळूनही नष्ट होत नाही. विष आयतंच पोटात गेल्यामुळे उलट्या काही तासांतच सुरू होतात. उकळण्यानंतर काय झालं हे विचारायची सवय या तपासातून लागते.

याच तासात वेळेची दुसरी बाजू दाखवा. पोट बिघडलं की आपण शेवटच्या घासाला दोष देतो. पण साल्मोनेला हा जिवाणू सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही दगा देतो, विषमज्वराला एक ते तीन आठवडे लागतात, 'अ' प्रकारच्या काविळीला तर दोन ते सात आठवडे. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढत गेले आणि एकूण संख्या दोनशेच्या वर गेली. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि संशय दूषित पाण्यावर होता. आधी जुलाब होतात, ते थांबतात, आणि एक ते तीन आठवड्यांनी हातापायांतली ताकद जाते, कारण जिवाणूशी लढणारी प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. मुलांनी त्या बातम्या ऐकलेल्या असतात, पण तीन आठवड्यांपूर्वीचं पाणी आणि आजचा लुळा हात यांचा संबंध त्यांना कोणी जोडून दाखवलेला नसतो.

तुमच्या भागातलं उदाहरण हवं असेल तर भगर घ्या. उपवासाची भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्र, महाशिवरात्र, एकादशीच्या सुमारास पुन्हा पुन्हा येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात हरिनाम सप्ताहात एकादशीचा प्रसाद म्हणून भगर-आमटी खाल्लेले शेकडो लोक आजारी पडले. रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा झाडांना दोऱ्या बांधून, त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगून रस्त्याकडेला उपचार झाले. तो फोटो वर्गात दाखवा. आणि मग अन्न व औषध प्रशासन भगरीबद्दल ज्या सूचना काढतं त्या एकेक घेऊन 'का' विचारा. सुटी भगर नको, सीलबंद पाकीट घ्या, तारीख बघा: का? भगरीचं पीठ आणून साठवू नका, लागेल तेवढंच दळा: का? कारण पीठ हवेतली ओल ओढतं, ओलीवर बुरशी धरते, आणि बुरशीची बरीच विषं शिजवल्यानं जात नाहीत. हेच काळ्या पडलेल्या, बुरसटलेल्या शेंगदाण्यांचं. त्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही, म्हणून कडवट दाणा थुंकून टाकायचा. देवाच्या प्रसादाला नाव ठेवतोय असं मुलांना वाटू देऊ नका. प्रसाद करणाऱ्यांमध्ये उद्या हीच मुलं असणार आहेत, आणि त्यांना पाकिटावरची तारीख बघता आली पाहिजे.

घरच्या सवयींना हात घालताना एक पथ्य पाळा. 'घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या चुका शोधा' असा गृहपाठ कधीच देऊ नका. आईला मुलानं पकडून दिल्यासारखं होतं आणि दार बंद होतं. त्याऐवजी मुलाला त्याच्या अखत्यारीतलं एखादं काम द्या: पिण्याच्या पाण्याचं भांडं घासणं आणि त्यात लांब दांड्याचं ओगराळं ठेवणं, जेणेकरून पेला बुडवताना बोटं पाण्यात जाणार नाहीत. कोंबडीच्या बाबतीतही असंच. पाश्चात्त्य पुस्तकं 'कच्ची कोंबडी धुऊच नका' म्हणतात, कारण नळाखाली धुताना शिंतोडे उडून जिवाणू ओट्यावर पसरतात. कारण बरोबर आहे, पण आपल्या घरात दुकानातून आणलेली कोंबडी न धुता कोणी शिजवणार नाही. तेव्हा एवढंच सांगा: धुवायचीच तर पातेल्यात, हलक्या हातानं, नळाच्या धारेखाली नाही. कोशिंबीर आधी चिरून घ्या, कोंबडी नंतर. मग विळी, पाट आणि हात साबणानं धुवा. हे पाळलं जाईल.

पाकिटांचं लेबल अर्ध्या तासात होतं. मुलांना रिकामी पाकिटं आणायला सांगा आणि वापराची मुदत, घटक, ॲलर्जीची सूचना, शाकाहाराचा हिरवा ठिपका, मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण, एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक शोधू द्या. क्रमांक आहे म्हणजे प्रत्येक पाकीट तपासलेलं आहे असं नाही, त्यावरून जबाबदार कोण हे कळतं, हे मात्र सांगा. वर्तमानपत्राच्या कागदात भजी गुंडाळण्याला अन्नाच्या वेष्टनाबाबतच्या २०१८ च्या नियमांत मनाई आहे, हेही इथेच येऊन जाऊ द्या.

चौथा तास वर्गात घेऊ नका. तुमच्या शाळेत बालआनंद मेळावा किंवा आनंदनगरी होतच असेल, मुलं घरून पदार्थ करून आणतात आणि स्टॉल लावतात. तीच या विषयाची परीक्षा करा. प्रत्येक गटानं आठवडाभर आधी एक पान लिहून द्यायचं: पदार्थ कोणता, कुठल्या वेळी शिजणार, विक्री किती वाजता, मधले तास किती आणि त्या तासांत तो कुठे असणार. पाणी कुठलं. पैसे कोण घेणार आणि वाढणार कोण. पैशांचा हात आणि वाढण्याचा हात वेगळा, हा एकच नियम सक्तीचा ठेवा, बाकीचं त्यांना ठरवू द्या. सकाळी सहाला केलेले दहीवडे अकराला विकायचे म्हणणारा गट आपणहून भेळेवर येतो, कारण कोरडी भेळ ऐनवेळी कालवता येते. पाणीपुरीवाले गाळलेलं, उकळून गार केलेलं पाणी आणतात आणि डाव वापरतात. हे तुम्ही सांगायची गरज पडत नाही, ते एकमेकांचे कागद वाचून एकमेकांना अडवतात, आणि या वयात मित्रानं अडवलेलं बाईंनी अडवण्यापेक्षा लवकर पोचतं. गाडीवर व्यवसाय करणाऱ्या पालकाचं मूल तुमच्या वर्गात असेल, तर त्याच्या घरचा अनुभव या दिवशी मोलाचा ठरतो. गर्दीत हात कसे सांभाळायचे, तेल कधी टाकून द्यायचं, हे त्याला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असतं, त्याला पुढे येऊ द्या.

मेळाव्याच्या दिवशी जलसंजीवनीची पाकिटं शाळेत असू द्या आणि ती करायला मुलांना आधीच शिकवा: एक पाकीट, एक लिटर पिण्याचं पाणी, चोवीस तासांत संपवायची. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा. मीठ अंदाजानं टाकायचं नाही. शौचातून रक्त, सततच्या उलट्या, ग्लानी, लघवी न होणं यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय थांबवून थेट दवाखाना.

गुणांसाठी लेखी प्रश्न विचारावाच लागेल, तर 'हात कधी धुवावेत' हा विचारू नका, त्याचं उत्तर पहिलीतलं मूलही देतं. असा विचारा: शनिवारी रात्री घरी अंड्याची आमटी आणि भात उरला. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत वीज नव्हती, फ्रीज बंद होता, पण कोणी उघडला नाही. सकाळी आमटीला काहीच वास येत नाही. धाकट्या भावाला भूक लागली आहे आणि आई शेतावर गेली आहे. तू काय करशील, आणि का? 'फेकून देईन' एवढ्याला एक गुण. आमटी आणि भात रात्री किती वाजता आत ठेवले होते, ते आधी गार झाले होते का, फ्रीज आतून अजून चांगला गार आहे का, असे प्रश्न उत्तरात आले, वासावर विसंबायचं नाही हे आलं, आणि भावाला तोवर चपाती-गूळ किंवा केळं दिलं, तर पुरे पाच द्या.